परिच्छेद सात

शिरोलीच्या फाउंड्रीत मी आवक-जावक लिहायचो.
बारनिशीच्या कापडी पुठ्ठ्याला माझ्या घामाचा डाग,
आणि आत, एका श्रावणापासून पुढच्या शिमग्यापर्यंत,
एकच ओळ चौदा वेळा:
दिल्लीस स्मरणपत्र. विषय, पंपाची केसिंग, दोनशे चौदा नग.

नग तयार होते.
दस्तगीर शिकलगारनं वाळू स्वतः चाळली होती,
साचा असा बसवला होता
की दोन भागांचा सांधा बोटाला लागू नये.
आखातापलीकडच्या कुठल्याशा गावात
ते पंप शेतात पाणी चढवणार होते म्हणे.
त्या गावाचं नाव आमच्या जिभेवर बसायचं नाही,
पेट्यांवर मात्र स्टेन्सिलनं बरोबर उमटवलं होतं,
अक्षर अन् अक्षर.

परवाना येईना.
चौदा पत्रांना मिळून एक उत्तर: बाब विचाराधीन आहे.
मगदूम मालकांनी ते टेबलाच्या काचेखाली ठेवलं.
देणेकरी आला की त्यावर बोट ठेवायचे,
"विचार चाललाय."

पेट्यांना बुरशी धरली. बँकेचा माणूस येऊन गेला.
मग दोनशे चौदा नग घणानं फोडून
त्याच भट्टीत परत घातले.
दस्तगीर त्या दिवशी कामावर आला नाही.
वितळताना सगळं बीड सारखंच दिसतं,
कुणाच्या हातचं ते कळत नाही.

नऊ वर्षांनी,
फाउंड्रीच्या जागेवर मंगल कार्यालय उठल्यावर,
माझा भाचा अभिनंदन एक छापील पान घेऊन आला.
"वकिलातीच्या तारा फुटल्यात मामा. लाखानं.
शोधता शोधता आपलं गाव लागलं."

आमच्या गल्लीत तार आली
की आधी बायका रडून घ्यायच्या, मग कुणीतरी ती फोडायचं.
ही फुटूनच आली होती.
रडायचं कधी, ते समजेना.

पहिले सहा परिच्छेद:
एका मंत्र्याची गुडघेदुखी, दुसऱ्याचा जावई,
कोण कुणाला टरकून आहे,
कोण चौथ्या पेल्यानंतर खरं बोलतो.
हे तर तालमीच्या कट्ट्यावरही चालतं,
फक्त तिथं कुणी वर 'गोपनीय' असा शिक्का मारत नाही.

सातवा, अडीच ओळींचा.
दुपारचं जेवण, नदीकाठ, दोन साहेब. मासा उत्तम होता.
पंपांचा विषय निघाला. चाळीस टन माल, कोलारपूर नावाचं गाव.
समोरचा हसून म्हणाला, कंपनी लहान आहे, थांबवून टाकू.
बदल्यात कुठल्या तरी समितीत एक मत.

मी तारीख बघितली.
माळ्यावरून बारनिशी काढली, धूळ झटकली.
त्याच दिवशी जावक: स्मरणपत्र, तिसरं.
म्हणजे पुढची अकरा पत्रं मी
हात धुऊन उठलेल्या माणसांना लिहीत होतो.
खाली सही, आपला विश्वासू.

मालकांनी पान भिंगातून वाचलं, दोनदा.
"चाळीस टन? अकरा टन होता की रं आपला माल."
आणि खुर्चीत जरा ताठ बसले.
एवढ्या मोठ्या टेबलावर
आपलं वजन जास्त धरलं गेलं होतं,
ते त्यांना पुसून टाकवेना.

दस्तगीर आता गंगावेशीत शाळेची रिक्षा चालवतो.
पोरं सुटायला अवकाश होता,
मी हुडाच्या सावलीत उभं राहून त्याला वाचून दाखवलं.
सगळं सांगितलं: मत, समिती, हसणं.
तो हँडलवरची धूळ अंगठ्यानं पुसत राहिला,
जणू सांधा तपासतोय.
घंटा झाली तेव्हा म्हणाला,
"मासा कुठला व्हता, लिवलंय का?"

मी पान परत उघडलं.
लिहिलं होतं.
माशाचं नाव बरोबर लिहिलं होतं,
अक्षर अन् अक्षर.